दमण ते दीव : अंतर कोठून मोजावे?

वर्गाच्या भिंतीवरील नकाशात दमण आणि दीव ही ठिकाणे जवळजवळ एकाच आडव्या रेषेत दिसतात. मध्ये केवळ निळा समुद्र. पट्टी ठेवून मोजले तर दोन्ही विमानतळांमधील अंतर सुमारे २०० कि. मी. भरते. लहानशा विमानालाही पाऊण तास पुष्कळ झाला. परंतु तोच प्रवास रस्त्याने करू म्हटल्यास खंभातच्या आखाताला वळसा घालून सुमारे ६५० कि. मी. जावे लागते आणि अख्खा दिवस त्यातच खर्ची पडतो.

२६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला. सिल्वासाचा आणि दीवचा विद्यार्थी आता एकाच घरची मुले. परंतु ओटीवरून माजघरात जावयास गावाबाहेरून फेरी घालावी, अशी ह्या घराची गत आहे.

अंतराची ही थट्टा आमच्या भूमीस नवी नाही. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, तेव्हा दमण येथून अवघे तीसेक कि. मी. होते, तथापि मधली भूमी भारताची असल्याने पोर्तुगीजांस तेवढे ओलांडता येईना. ह्या वाटेसाठी ते १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. त्याच सुमारास त्यांनी गोवा, दमण व दीव येथे विमानतळ उभारले आणि त्यांची विमाने कराचीपर्यंत जाऊ लागली. कराची जवळ आणि सिल्वासा दूर!

आमचे म्हणणे असे, की विमानतळ ते विमानतळ हा आकडा वैमानिकाच्या कामाचा. प्रवाशाचे अंतर त्याच्या उंबरठ्यापासून सुरू होते. खानवेलच्या मुलाने आधी सिल्वासास यावे, तेथून वापीच्या गर्दीतून दमण गाठावे, तासभर अगोदर विमानतळावर बसावे, आणि उतरल्यावर नागव्याहून दीव शहरात जावे. पाऊण तासाचे सहज चार तास होतात. तरीही दिवसभराच्या वळशापेक्षा ते किती बरे!

२०१८ च्या फेब्रुवारीत दमण-दीव हेलिकॉप्टर सेवेचे उद्घाटन झाले. पाऊल चांगलेच होते. परंतु हेलिकॉप्टरात मोजकीच माणसे मावतात, चाळीस मुलांचा वर्ग मावत नाही. २०२० मध्ये हजिरा-घोघा जहाजसेवा सुरू झाली आणि ३७० कि. मी.चा रस्ता ९० कि. मी.च्या जलमार्गावर आला. वाहनेही जहाजात चढू लागली. मग दमण-दीव ह्यांमधील समुद्र तेवढा अडसर का मानावा?

कोणी म्हणेल, प्रवासी आहेत किती? आम्ही उलट विचारतो, ज्या वाटेने स्वस्त व भरवशाचे वाहन नाही, तिचे प्रवासी मोजावयाचे कोठे? आडगावी एस. टी. धाडताना कोणी आधी फायद्याचा हिशेब मांडीत नाही. जहाज असो वा लहान विमान, विद्यार्थ्यांसाठी सवलतीच्या काही जागा राखून ही सेवा सरकारनेच चालवावी, असे आम्हांस वाटते.

दीवचा किल्ला आमच्यापैकी बहुतेकांनी चित्रातच पाहिला आहे. सहलीच्या यादीत दीवचे नाव दरवर्षी पहिले लिहिले जाते आणि प्रवासाचे तास मोजले, की पहिले तेच खोडले जाते.