वाद्य वाजवणारे आणि वाद्य करणारे

आपण ज्या शाखेत शिकतो तिला 'कला शाखा' म्हणतात. या शाखेत येऊन मला दोन वर्षे होत आली. या काळात कवितेतील प्रतिमा, लोकशाहीची तत्त्वे आणि मौर्यांची करपद्धती यांच्याशी माझा परिचय झाला. परंतु हाताने काही करून पाहण्याचा प्रसंग एकदाही आला नाही. सभागृहातली खुर्ची मोडली तर स्क्रूड्रायव्हर शिपाईकाकांकडे मागावा लागतो. कलेचा आणि हाताचा संबंध इतका तुटावा याचे मला आश्चर्य वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

निमित्त एका लहानशा यंत्राचे आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत विश्रांतवाडीतल्या आमच्या घरी मी मॉड्युलर सिंथेसायझरचे एक तालवाद्य-मॉड्यूल किटवरून जोडले. सिंथेसायझर म्हटले की काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कीबोर्ड डोळ्यांपुढे येतो. मॉड्युलर प्रकारात पट्ट्या नसतात. तिथे प्रत्येक डबी एकच काम करते. एक स्वर काढते, एक तो गाळते, एक त्याचा चढउतार ठरवते, एक ठेका देते. पुढच्या बाजूने तारा खोचून या डब्या एकमेकींना जोडायच्या. तारा बदलल्या की वाद्य बदलले. १९६४ पासून अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी हा मार्ग रुळवला आणि १९९० च्या दशकात जर्मनीतील डीटर डोप्फर यांनी आज सर्वत्र चालणारे लहान माप दिले. त्यात पुढच्या पट्टीची उंची साडेबारा-तेरा सेंटिमीटरच असते. माझे मॉड्यूल त्या मापाचे आहे आणि त्यातून एकच आवाज निघतो: मोठ्या ढोलाचा 'ठुम्'.

एवढ्याशा 'ठुम्'साठी दोन मुलांच्या शिकवणीचे चार महिन्यांचे पैसे गेले. किटमध्ये छापील सर्किटची पाटी, अॅल्युमिनियमची पट्टी आणि बटणे होती. बरेचसे सुटे भाग मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणले. नाव तपकिरीचे, पण या गल्लीत विजेच्या सामानाची रांगच्या रांग आहे. तिथे यादी पुढे केली की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "भावाचा प्रोजेक्ट आहे का?" मला भाऊ नाही.

हा ढोल वाजतो कसा, हे सांगितल्याशिवाय पुढचे म्हणणे कळणार नाही. झोपाळ्याला एकच धक्का द्यावा आणि तो झुलत झुलत थांबावा, तसे हे आहे. एक चिप, दोन कंडेन्सर आणि मोजके रेझिस्टन्स यांची अशी साखळी जोडलेली असते की ती स्वतःहून डोलत नाही, पण डोलण्याच्या अगदी काठावर असते. तिला विजेचा क्षणभराचा ठोसा दिला की ती सेकंदाला साधारण पन्नास वेळा डोलते आणि विरते. एका बटणाने स्वर चढतो-उतरतो, दुसऱ्याने विरण्याचा काळ लांबतो. तो फार लांबवला तर ढोल ढोल राहत नाही, तंबोऱ्यासारखा गुंजू लागतो. ठोसा बसताच स्वर किंचित घसरतो. डग्ग्यावर तळहात फिरवणाऱ्याला ही गंमत लगेच कळेल.

हे मला पुस्तकातून कळले असते का? शंका आहे. शाळेच्या पुस्तकात कंडेन्सरला 'धारित्र' म्हटले होते. व्याख्या मी पाठ केली, गुणही मिळवले, आणि धारित्र म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हते. आमच्या बाबांचे आळंदी रस्त्यालगत मोटार वाइंडिंगचे दुकान आहे. ते सातवीपर्यंत शिकले. सर्किटचा कागद पाहून ते म्हणाले, "चिप मला माहीत नाही. पण कंडेन्सर म्हणजे भरून घेतो आणि ढकलतो. पंख्यात नाही का?" पंख्यातला कंडेन्सर अडीच मायक्रोफॅरडचा असतो, माझा त्याच्या शंभराव्या भागाहूनही लहान, पण काम तेच. माझ्या दृष्टीने धारित्राची खरी व्याख्या त्या दिवशी झाली.

आता मूळ मुद्द्याकडे येते. मॉड्यूल वाजू लागल्यावर बाबांनी ते ऐकले, थोडे हसले आणि म्हणाले, "पोरी, हात काळे होऊ नयेत म्हणून तुला कॉलेजात घातलं. तू परत तेच करायला बसलीस?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यांच्या वाक्यात किती वर्षांचे कष्ट आहेत ते मला समजते, म्हणून मी उलट बोलले नाही. पुढे गॅदरिंगमध्ये समूहगीताला हा ढोल साथीला घ्यावा असे आम्ही सुचवले. तेव्हा प्रेमानेच, पण ठामपणे सांगण्यात आले की हे वाद्य नव्हे, ही रेडिओदुरुस्ती आहे, विज्ञानवाल्यांकडे द्या.

वाचकहो, या दोन उत्तरांतले साम्य पाहा. सातवी शिकलेले बाबा आणि उच्चविद्याविभूषित मंडळी यांचे एका बाबतीत पूर्ण एकमत आहे: हात वेगळा आणि विद्या वेगळी. बाबांना हे जगाने शिकवले. आपल्याला कोणी शिकवले?

मिरजेचे उदाहरण घ्या. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही वाद्ये करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे काम सरले, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी ते कसब भोपळ्याकडे आणि तारांकडे वळवले. मैफलीत तंबोरा छेडणाऱ्याचे नाव पत्रिकेवर छापतात. तो करणाऱ्याचे नाव कुठल्या पत्रिकेवर वाचल्याचे मला आठवत नाही. आषाढवारीत माऊलींची पालखी आमच्या विश्रांतवाडीवरून पुण्यात जाते. मृदंगावर थाप पडली की अंगावर काटा येतो; परंतु ते कातडे कमावणारा, त्यावर शाई चढवणारा कोण, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. त्या कामाला आपण जात चिकटवली आणि नजर वळवली. हलगीचेही तेच.

आणि ती शाई म्हणजे काही सामान्य गोष्ट नाही. साध्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ढोलाला नेमका स्वर नसतो. मृदंग-तबल्यात मात्र मधल्या शाईच्या वजनामुळे ते जुळतात आणि पाच स्वरांची सुरेल मालिका उभी राहते. हे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये आणि पुढे १९३४ मध्ये सविस्तर मांडले. रामन यांनी ते सिद्ध केले. पण ज्याने थरावर थर घोटून, कानाने ठरवून हे आधी साधले, त्या अनाम माणसाला आपण शास्त्रज्ञ म्हणायचे की कलावंत? माझ्या मते दोन्ही.

सिंथेसायझर हे आपले नव्हे, असेही कोणी म्हणेल. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर यांनी मूग यंत्र उभे केले आणि १९७२ पर्यंत तिथे भारतीयांनी त्यावर रचना केल्या. त्यांत गीता साराभाई होत्या. त्या पखवाज वाजवत, ज्या काळात बाईने पखवाज वाजवणे हीच नवलाई होती. त्या ध्वनिफिती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. तोवर पन्नास वर्षे लोटली होती. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये जपानी यंत्रांवर दहा राग बसवले, ते तेव्हा फारसे कोणी ऐकले नाहीत. २०१० मध्ये तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झाले. पण ही यंत्रे दोन्ही ठिकाणी बाहेरून तयार आली होती. मला अधिक जवळचे वाटतात ते बंगळूरचे जी. राज नारायण. ते बासरी वाजवत आणि अभियंता होते, म्हणून इलेक्ट्रॉनिक तंबोरा त्यांनी स्वतःच घडवला. वाजवणारा आणि करणारा एकच असला की काय होते ते आज आपल्या प्रत्येक गायनवर्गात ऐकू येते.

आक्षेप दोन आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा की किट जोडणे म्हणजे दुसऱ्याच्या अकलेवर चालणे. खरे आहे. किट कुठला भाग कुठे बसवायचा ते सांगते, का बसवायचा ते सांगत नाही. मला सोल्डरिंगला तीन दिवस लागले आणि समजायला तीन आठवडे. पण तबल्याचा पहिला कायदाही कोणी दुसऱ्याने बांधलेलाच असतो. दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो: अशा यंत्रांनी ढोलकीवाल्याचे पोट जाते. ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड आला आणि एका माणसाने चौघांची कामे घेतली, हे आमच्या वस्तीतल्या कार्यक्रमांतही मी पाहिले आहे. ढोलकीचा आवाज डबीत भरून विकणे मला मान्य नाही. माझ्या मॉड्यूलमधून तर ढोलकी निघूच शकत नाही; त्यात शाई नाही, पाच स्वरांची मालिका नाही, एकच जवळजवळ शुद्ध स्वर आहे. ते वेगळे वाद्य आहे आणि ते ढोलकीशेजारी बसावे, तिच्या जागी नव्हे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आपल्या कला महाविद्यालयात आठवड्यातून एक तास हाताचा असावा. एखाद्या सत्रात तबल्याला शाई लावणाऱ्या कारागिराला बोलवावे आणि इतर व्याख्यात्यांना देतो तेवढेच मानधन त्यालाही द्यावे. दुसऱ्या सत्रात सोल्डरिंग शिकवावे. ते शिकवायला बाबांना मी तयार करीन, फार आढेवेढे घेतील, पण येतील. दोन सोल्डरिंग आयर्न आणि एक मल्टिमीटर यांना एका समारंभाच्या शाल-श्रीफळांपेक्षा जास्त खर्च येणार नाही. टेबल आपल्याकडे आहेच. मराठी विभागाच्या मागच्या खोलीत खिडकीपाशी ते पडून आहे. त्यावर सध्या जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत, ते तेवढे हलवावे लागतील.