चिचगडचा ‘न’ आणि परीक्षकाचे उत्तरदायित्व

‘समकक्ष-परीक्षित’ ही मुद्रा मराठी संशोधनपत्रिकांच्या मुखपृष्ठांवर आता सर्रास दिसते. तिच्यामागचे उत्तरदायित्व मात्र आतल्या पानांत क्वचितच आढळते. परीक्षण हा अधिकार मानला गेला आणि ते कर्तव्य आहे याचा विसर पडला, हे या विसंगतीचे मूळ आहे.

समजा, गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगडचा एखादा अभ्यासक दंडारीच्या संहितेवर निबंध लिहितो. त्यातील संवाद झाडीबोलीत आहेत. या बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो. निबंध दूरच्या विद्यापीठातील परीक्षकाकडे जातो आणि ‘भाषा अशुद्ध, सैद्धान्तिक चौकट दुबळी’ एवढ्या शेऱ्यानिशी परत येतो. येथे नेमके कशाचे परीक्षण झाले? डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी ज्या बोलीच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचले, तिची वर्णव्यवस्था ज्याला ठाऊक नाही त्याने आपले अज्ञान लेखकाच्या नावे जमा केले, इतकेच. ‘हा विषय माझ्या अधिकारातला नाही’ असे कळवून निबंध परत करणे हे परीक्षकाचे पहिले कर्तव्य होय. मराठी विद्वत्तेला हे वाक्य उच्चारणे सर्वांत जड जाते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की मराठीचे क्षेत्र लहान आहे. शैलीवरून लेखक ओळखू येतो, त्यामुळे नाव झाकण्याला अर्थ उरत नाही. हे खरे आहे. परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष उलट आहे. लेखक आपला विद्यार्थी, सहकारी किंवा प्रतिस्पर्धी आहे हे ओळखल्यावर ते संपादकाला सांगणे अशा क्षेत्रात अधिकच बंधनकारक ठरते. दुसरा आक्षेप असा, की हे काम विनामोबदला असते. तेही खरे, पण मोबदला नाही म्हणून कारणेही द्यायची नाहीत, हा न्याय कोणता? निबंध सहा महिने टेबलावर पडू देणे आणि शेवटी दोन ओळींत निकालात काढणे याला सेवा म्हणता येत नाही.

काहींना यावर जुन्या संपादकशाहीचा उतारा सुचतो. ‘सत्यकथे’त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हस्तलिखितावर जे परिश्रम घेत, त्यांचा दाखला योग्यच आहे. मात्र त्याच ‘सत्यकथे’ची १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी होळी केली, हेही आठवले पाहिजे. त्या निषेधाची बाजू कोणतीही घ्यावी. तो करता आला, कारण निवड करणाऱ्यांची नावे आणि पत्ता सर्वांना ठाऊक होता. अनाम परीक्षकाला असा पत्ता नसतो. म्हणूनच त्याचे लेखी, सकारण मत हाच त्याचा पत्ता ठरतो. केवळ संपादकाच्या पसंतीवर विसंबण्याचा धोकाही १९९६ मध्ये दिसला. भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन सोकल यांचा बनावट लेख ‘सोशल टेक्स्ट’ने छापला, तेव्हा त्या पत्रिकेत बाह्य परीक्षणाची पद्धतच नव्हती.

परीक्षणाचा कारभार याद्यांवर सोपवून काय साधले, तेही समोर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या बढतीला गुणांक जोडले आणि छापील पानांची बाजारपेठ फोफावली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले, की विद्यापीठांच्या शिफारशीने आयोगाच्या यादीत शिरलेल्या पत्रिकांच्या नमुन्यात ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाच्या असू शकतात. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नावे वगळली. पुढे ‘केअर’ यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचे आयोगाने जाहीर केले. पत्रिकांची पारख करण्याचा भार आता संस्थांवर, म्हणजे अखेरीस वाचणाऱ्या माणसावर आला आहे. यादी असताना परीक्षकाला तिच्याआड लपता येत होते. आता ती सोय उरलेली नाही.

तेव्हा पत्रिकांनी किमान एवढे करावे: परीक्षकाचा अभिप्राय पूर्णपणे लेखकाकडे पाठवावा, लेखकाला प्रत्युत्तराचा हक्क द्यावा, परीक्षणाला मुदत घालावी आणि अप्रकाशित निबंधातील सामग्री परीक्षकाने स्वतःच्या लेखनात वापरल्यास ती चोरी समजावी. बोलींवरील निबंधासाठी त्या बोलीचा जाणकार, मग तो पदवीधारी नसला तरी, परीक्षकमंडळात असावा. यातील एकाही गोष्टीला आयोगाचे परिपत्रक लागत नाही.

‘पानी’तला ‘न’ खोडणाऱ्याच्या हातून शुद्धलेखनाबरोबर एक पुरावाही पुसला जातो. तो पुसण्याआधी चिचगडला विचारून घेण्याची तयारी नसेल, तर ‘समकक्ष’ या शब्दावर परीक्षकाचा हक्क पोहोचत नाही.