वेष्टनामागची बारीक अक्षरे

कर्नाटकाच्या शाळांत अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे किंवा शेंगदाण्याची चिक्की मिळत असे. २०२५ साली शिक्षण खात्याने चिक्की थांबवली. साखर फार आणि स्निग्धांश आरोग्याला बरा नाही, हे कारण दिले. बेळगाव-निपाणीच्या दुकानांत मात्र चॉकलेटचा मुलामा दिलेली चिक्की मिळते आणि ‘शेंगदाणेच आहेत की’ म्हणून आई-वडील ती निर्धास्त घेऊन देतात.

शेंगदाणे उत्तमच. शंभर ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिने. संक्रांतीची शेंगापोळी हे बेळगाव जिल्ह्याचे खाणे आहे आणि त्याचा अभिमान वाटावा असेच आहे. पण हिशेब करा. तीस ग्रॅमच्या चिक्कीत निम्मे शेंगदाणे धरले तर प्रथिने जेमतेम चार ग्रॅम. उरलेला गूळ, त्यात थोडे लोह असले तरी तो मुख्यतः साखरच. वर दहा ग्रॅम चॉकलेट चढले की एका वडीतली साखर अठरा ग्रॅमच्या आसपास जाते. दिवसाला १५०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी जागतिक आरोग्य संघटना सुचवते ती अधिक कडक मर्यादा एकोणीस ग्रॅमची, आणि तीही दिवसभराची. त्यातून मुलामा स्वस्त असेल तर कोको बटरऐवजी बहुधा पामसारखे वनस्पती तेल असते.

हे सगळे वेष्टनावर सहसा छापावे लागते. ज्याचे वजन जास्त तो घटक यादीत आधी, असा नियम आहे. शेंगदाण्यांआधी साखर किंवा ग्लुकोज सिरप दिसले की काय ते कळते. पण नियमाला इंग्रजी किंवा हिंदी एवढेच पुरते. दुकानाच्या पाटीवर कोणती भाषा असावी यावरून या भागात पिढ्यान्‌पिढ्या संघर्ष झाला. मुलाच्या पोटात जाणाऱ्या वस्तूची माहिती आईला तिच्या भाषेत मिळावी, ही मागणी त्याहून कमी निकडीची नाही, आणि ती मराठी व कन्नड घरांची एकच आहे.

नियम इतर भाषांना मज्जाव करत नाही. म्हणून बेळगाव-निपाणीतल्या चिक्की करणाऱ्यांनी आणि बचत गटांनी पुढच्या छपाईपासूनच घटकांची यादी आणि गुळासकट साखरेचे ग्रॅम मराठी-कन्नड दोन्हींत, चष्म्याशिवाय वाचता येतील अशा अक्षरांत छापावेत.