विचारले खरे, पण ऐकणार कोण?

मधुमेहाच्या गोळ्या न्यायला आलेल्या बाईच्या हातात नऊ प्रश्नांचा कागद दिला जातो. गेल्या दोन आठवड्यांत झोप लागली का, थकवा वाटला का, भूक मेली का, कशात रस राहिला का. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण. बेरीज दहावर गेली की ‘डिप्रेशनची शक्यता’! दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला या चाळणीतून काढा, असा आग्रह वाढतो आहे. विरोध करणारा म्हणजे मनोरुग्णांचा वैरी. आरोप मान्य, पण आधी गणित मांडू.

‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली खऱ्या रुग्णांपैकी सुमारे ८८ टक्के पकडते आणि बाकीच्यांपैकी सुमारे ८५ टक्के सोडून देते. ऐकायला छान. पण हजारांत शंभरांना डिप्रेशन असेल तर सापडतात ८८ आणि उरलेल्या ९०० पैकी विनाकारण अडकतात १३५. अंगात रक्त कमी असलेली बाई थकणारच, तिची भूकही मरणार. शरीराची तक्रार मनाच्या खात्यावर जमा! (ही प्रश्नावली फायझरच्या अनुदानातून तयार झाली आणि डिप्रेशनवरची झोलॉफ्ट गोळी तेव्हा त्याच कंपनीची होती. म्हणून प्रश्न खोटे ठरत नाहीत, पण लक्षात असू द्यावे.)

ब्रिटनमध्ये २००६ पासून मधुमेही आणि हृदयरोग्यांना असे दोन प्रश्न विचारल्याबद्दल डॉक्टरांना पैसे मिळत. २०१३ मध्ये ते बंद झाले. त्याच वर्षी कॅनडाच्या तज्ज्ञ मंडळाने सरसकट चाळणी नको म्हटले. अमेरिकेचे मंडळ मात्र सर्व प्रौढांना विचारा असेच सांगते, २०२३ मध्येही सांगितले.

आता गोव्याकडे या. ‘संगाथ’ संस्थेने आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेला प्रयोग २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्यात १४ हून अधिक गुण असलेलेच घेतले होते. दोन्ही गटांची चाळणी झाली, दोन्हींचे निकाल डॉक्टरांच्या टेबलावर गेले. फरक एवढाच, की एका गटाशी प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसे सहा ते आठ वेळा बसून बोलली. तीन महिन्यांनी त्यांतले ६४ टक्के बरे होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. म्हणजे कागद दोघांनाही मिळाला, माणूस एकालाच. चाळणीचे समर्थक हा प्रयोग आपल्या बाजूने सांगतात तेव्हा हसू येते.

आणि नववा प्रश्न? मेलेले बरे असे वाटते का, असे विचारतात. गावच्या केंद्रात रांगेत शेजारीण उभी, नर्स नात्यातली. ‘कशें आसा?’ला ‘बरें आसा’ म्हणणारी आपली माणसे तिथे काय सांगणार? आणि एखादीने खरे सांगितलेच, तर पुढची तारीख आणि गोळ्यांची चिठ्ठी हातात देऊन तिला घरी पाठवायचे?

तेव्हा तुमच्या केंद्रात असा कागद आला, तर भरण्याआधी एवढेच विचारा: बोलायला माणूस कोण आहे, आणि तो कोणत्या वारी बसतो?