विश्लेषण : रोज काम नाही, मग भरपगारी सुट्टी कशी मोजायची?

नंदुरबारच्या मिरची पथारींवर आवक असेल तोवर काम, पाऊस आला की बंद. अक्कलकुवा, धडगाव भागातून ऊसतोडीला जाणाऱ्यांना मजुरी टनावर, तीही आधी घेतलेल्या उचलीतून वळती. महिन्याचा ठरावीक पगार नसलेल्या अशा मजुरांना भरपगारी रजा मिळते का आणि मिळाल्यास किती रुपये, हा प्रश्न देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्यामुळे नव्याने महत्त्वाचा ठरला आहे.

कायदा काय सांगतो?

१९४८ च्या कारखाना अधिनियमानुसार वर्षात २४० दिवस काम केलेल्यालाच वार्षिक भरपगारी रजा मिळत असे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने (२०२०) ही अट १८० दिवसांवर आणली. दर २० दिवस कामामागे एक दिवस रजा, हे प्रमाण मात्र तेच आहे. ही तरतूद साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे.

रीतसर ले-ऑफचे दिवस आणि प्रसूती रजा १८० च्या मोजणीत धरली जाते. पण त्या दिवसांवर नवी रजा जमा होत नाही.

रजेचा रोज कसा काढायचा?

खरी गफलत इथेच होते. कारखाना अधिनियमाच्या ८० व्या कलमाने घालून दिलेली पद्धत सोपी आहे. रजेच्या आधीच्या महिन्यातली कमाई घ्यायची, त्यातून ओव्हरटाइम व बोनस वगळायचा आणि उरलेल्या रकमेला प्रत्यक्ष कामाच्या दिवसांनी भागायचे. त्या महिन्यात एकही दिवस काम झाले नसेल, तर ज्या शेवटच्या महिन्यात काम झाले तो महिना धरायचा.

समजा, एका महिलेने वर्षात १९० दिवस काम केले. १९० भागिले २० म्हणजे साडेनऊ. अर्धा दिवस पूर्ण धरला जातो, म्हणून रजा १० दिवस. आधीच्या महिन्यात तिने १८ दिवसांत ७,२०० रुपये कमावले असतील, तर रोज ४०० रुपये आणि रजेचे ४,००० रुपये. हेच ७,२०० रुपये कोणी ३० ने भागले, तर रोज २४० आणि रक्कम २,४०० होते. भाजक बदलला की १,६०० रुपये गेले.

साप्ताहिक सुट्टीचे पैसे वेगळे मिळतात का?

किमान वेतनाचा रोज काढताना मासिक दराला २६ ने भागले जाते. म्हणजे चार साप्ताहिक सुट्ट्यांचा मोबदला त्या रोजातच धरलेला असतो. मात्र रोज किमान दरापेक्षा कमी असेल, तर सुट्टीचाही पैसा बुडतो आणि कामाचाही.

मतदानाच्या दिवसाचा नियम स्वतंत्र आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५ ब कलमानुसार, एरवी सुट्टीचा पगार न मिळणाऱ्या रोजंदारी मजुरालाही त्या दिवसाची मजुरी द्यावी लागते. नंदुरबारमध्ये १३ मे २०२४ च्या लोकसभा आणि २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानालाही हाच नियम होता.

हंगामी मजुराचे १८० दिवस भरतील का?

एका मालकाकडे हंगाम चार-पाच महिन्यांचा असेल, तर बहुतेकदा नाही. पण इथे एक तरतूद उपयोगी पडते. कामगाराला कामावरून कमी केले किंवा त्याने काम सोडले, तर १८० दिवस भरले नसले तरी झालेल्या कामाच्या प्रमाणात रजेचे पैसे मिळण्याचा हक्क आहे. १२० दिवस भरले असतील, तर सहा दिवसांचे.

ब्रिटनने वेगळी वाट धरली आहे. तिथे १ एप्रिल २०२४ पासून सुरू झालेल्या रजावर्षांपासून, अनियमित तासांच्या कामगाराची रजा काम केलेल्या तासांच्या १२.०७ टक्के इतकी जमा होते. त्यात सार्वजनिक सुट्ट्याही येतात. पण किमान दिवसांची अट नाही. आपल्याकडे २० मागे एक म्हणजे पाच टक्के.

अडचण कुठे आहे?

सगळा हिशेब दिवसांच्या नोंदीवर उभा आहे आणि ती वही मुकादमाकडे असते. वजनावर किंवा टनावर मजुरी असेल, तर वहीत माल लिहिला जातो, दिवस नाही. खाडा मात्र न चुकता लागतो. नवीन संहितांनी नियुक्तीपत्र आणि वेतनचिठ्ठी देणे मालकावर बंधनकारक केले आहे. ठेकेदाराने मजुरी दिली नाही, तर मूळ मालक जबाबदार ठरतो.

वेतन संहितेनुसार थकबाकीचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो आणि पैसे दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. पण आपण किती दिवस राबलो हे मजुराला आधी सांगता आले पाहिजे. त्यासाठी रोजची तारीख, कामाचे ठिकाण आणि मिळालेली रक्कम मोबाइलमध्ये किंवा साध्या वहीत टिपून ठेवणे, हा सर्वांत स्वस्त पुरावा. १८० ची अट कागदावर सैल झाली आहे. नंदुरबारच्या मजुराला तिचा लाभ होणार की नाही, हे दिवस कोण मोजतो यावर ठरेल.