बेशिस्तीचा आरोप आणि पादचाऱ्याचे गणित

कुठेही चेंगराचेंगरी झाली की ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ हा निकाल तयार असतो. गर्दीत शिरला की माणूस अक्कल गहाण टाकतो, असे त्यामागचे गृहीतक. पादचाऱ्यांच्या चालींचा अभ्यास त्याला दुजोरा देत नाही. हेल्बिंग आणि मोल्नार यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या प्रारूपात माणसे जवळ येतील तशी एकमेकांना जणू दूर लोटतात. पण नुसत्या अंतराने उलगडा होत नाही. खांद्याला खांदा लावून एकाच दिशेने जाणारे दोघे एकमेकांना चुकवत नाहीत. समोरून झपझप येणाऱ्याला मात्र आपण चार पावले आधीच वाट देतो. कारामूझास, स्किनर आणि गाय यांनी २०१४ मध्ये प्रत्यक्ष चालींच्या नोंदींवरून दाखवले, की खरा हिशेब टक्कर व्हायला उरलेल्या वेळाचा असतो. तो वेळ निम्मा झाला की त्यांच्या समीकरणातली परस्परांना टाळण्याची ऊर्जा चौपट होते. गर्दीतला माणूस पुढचे काही क्षण सतत हेरत चालतो, तो असा.

यावर कोणी म्हणेल, हे शिस्तप्रिय युरोपचे गणित. आपल्याकडे ते चालायचे नाही. चट्टराज, सायफ्रीड आणि चक्रवर्ती यांनी २००९ मध्ये नेमकी हीच तुलना केली. एका रांगेत चालताना दाटी वाढली, तेव्हा भारतीयांचा वेग जर्मनांइतका घटला नाही. भारतीयांची काहीशी विस्कळीत चालच अधिक परिणामकारक ठरली. दुसरा आक्षेप असा, की माणूस म्हणजे निर्जीव कण नव्हे. खरे आहे; पण ही प्रारूपे कुणा एकाचे मन वाचण्याचा दावा करत नाहीत. समोरासमोरच्या दोन प्रवाहांत आपोआप रांगा पडतात, हे मात्र ती अचूक दाखवतात.

मग माणसे चेंगरतात का? चुकवायला वेळ आणि पाऊल टाकायला जागा, दोन्ही संपतात म्हणून. अंगाला अंग भिडले की धक्का लाटेसारखा पुढे सरकतो आणि तिथे कुणाचीच शिस्त कामी येत नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर हेच झाले. पावसामुळे माणसे पुलावर थांबलेली, खालून गाड्या आणखी प्रवासी उतरवत होत्या. २३ जीव गेले. अशा मृतांवर बेशिस्तीचा ठपका ठेवणे अन्याय आहे. जाब विचारायचा तर जिन्याची रुंदी ठरवणाऱ्यांना आणि येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या न ठेवणाऱ्यांना विचारला पाहिजे.