गेटवरचा सेल्फी आणि गेटच्या आतला पोरगा

परवा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात जाऊन आलो. गेटसमोर उभा राहिलो आणि ऊर भरून आला. लायब्ररी, होस्टेल, रात्र रात्र चाललेले वाद, एका डब्यात जेवणारे चौघे मित्र, सगळं आठवलं. पण मित्रांनो, आठवणीत रमून भागणार आहे का?

हे नाव कोणी आपल्याला भेट दिलेलं नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. पोचीराम कांबळेंचा खून झाला. १९९३ मध्ये गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. एवढं होऊन १४ जानेवारी १९९४ ला मिळाला तो नामविस्तार!

आणि आपण काय करतो? दर १४ जानेवारीला येतो, गेटला अभिवादन करतो, सेल्फी काढतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. स्कॉलरशिप रखडली की मेसचं बिल थकतं, हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला माहीत? तरी गेटच्या आतल्या पोराला आपण एकदा तरी विचारतो का, "बाबा, जेवलास का?"

१८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दलची निराशा जाहीर बोलून दाखवली. ते शिकलेले म्हणजे दुसरे कोणी नाहीत, नोकरीला लागलेले आपणच आहोत.

पुढच्या वेळी गेटवर जाल तेव्हा आधी आत जा. एका विद्यार्थ्याची वर्षभराची मेस भरा. फोटो नंतर काढा.

जय भीम!